तिसऱ्या सहीची जागा

गॅरेजमधला निळा कूलर उघडला आणि ओल्या गाळाचा वास आला. ऑगस्ट संपत आलेला, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी आमच्या रस्त्यावर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र घरघरत होतं, आणि त्या कोरड्या, नीटनेटक्या उपनगरी सकाळीत एकदम ओढ्याचा काठ येऊन उभा राहिला: कुजलेली मेपलची पानं, शेवाळ, आणि सगळ्याच्या तळाशी गंजलेल्या लोखंडासारखं काहीतरी. मी वासावरून आठवणींत हरवून जाणारी बाई नाही. मला कूलर धुवायचा होता. पुढच्या आठवड्यात सेमिस्टर सुरू होणार, बावीस मुलांना घेऊन पाण्याचे नमुने आणायला जायचं, आणि गेल्या ऑक्टोबरात कोणीतरी तो आतून न पुसताच बंद करून ठेवला होता. कोणीतरी म्हणजे मीच. पाइपाने पाणी मारलं, ब्रश फिरवला, तेव्हा तळाच्या कोपऱ्यात चिकटलेली एक चिठ्ठी सुटून वर आली. शाई उडालेली, पण छापलेल्या तीन ओळी वाचता येत होत्या. नमुना कोणी घेतला. कोणी तपासला. कोणी पडताळला. पहिल्या दोन ओळींवर सह्यांचे निळसर डाग होते. तिसरी ओळ कोरी दिसत होती. पाण्याने ती पुसली गेली की मुळातच कोरी राहिली होती, हे सांगता येईना. तिसऱ्या ओळीची मला जुनी धास्ती आहे.

या लेखात माणसांची नावं मी घेणार नाही. त्यातली काही अजून नोकरीत आहेत, काही थकली आहेत, आणि माझं भांडण त्यांच्या नावांशी नाही. ओढ्याचं नाव मात्र घेणार आहे. त्याला लॉस्ट मिटन क्रीक म्हणतात. मिटन म्हणजे वेगळी बोटं नसलेला, पिशवीसारखा लोकरी हातमोजा. कोण्या काळी कोणाचा तरी तिथे हरवला असणार. हा ओढा मला ज्यांनी दाखवला ते सर त्याला ‘हातमोज्या’ म्हणत, जणू वर्गातला एखादा व्रात्य मुलगा. “चला, आज हातमोज्याची तब्येत बघू,” असं म्हणत ते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवत. त्यांचे विद्यार्थी बहुतेक सगळे मिशिगनमधले, त्यांना मराठी कळायचं काही कारण नव्हतं. पण दोनचार आठवड्यांत त्यांच्याही तोंडी ‘हाटमोज्या’ बसायचा.

सर मूळचे नागपूरचे. इंजिनिअर आणि डॉक्टर झालेली मराठी मुलं ज्या पहिल्या लाटेत इकडे आली, त्या लाटेतले. आमच्या घरापासून सव्वा तासावर असलेल्या एका विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर पाण्याची तपासणी शिकवली. मी पुण्याहून शिकून आलेली, वर्क व्हिसावर त्यांच्या प्रयोगशाळेची शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितला: “कॉलेजात सर, घरी काका. गल्लत करायची नाही. घरी मी तुला पोहे देईन, कॉलेजात रिपोर्ट परत देईन.” आणि खरंच दिला. माझा पहिला अहवाल त्यांनी तीनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा फक्त एका दशांशचिन्हासाठी. त्याच संध्याकाळी घरी काकूंनी पोह्यांवर खोबरं भुरभुरलं आणि काकांनी अहवालाचा विषयसुद्धा काढला नाही.

शिक्षक म्हणून हा माणूस कसा होता, हे सांगायला मला मोठे शब्द सापडत नाहीत आणि शोधायचेही नाहीत. ते तासाला वेळेवर यायचे. मुलांच्या वह्या स्वतः वाचायचे, सगळ्या, शेवटच्या पानापर्यंत, आणि समासात हिरव्या पेनाने प्रश्न लिहायचे. पाच वर्षं जुन्या स्लाइडवर नुसती तारीख बदलून शिकवणारे सहकारी मी तेव्हाही पाहिले, आजही पाहते. सभेत स्वातंत्र्यावर बोलायला तेच आधी उभे राहतात. सरांच्या तोंडी तो शब्द क्वचित यायचा. निवडणुकीच्या दिवसांत एका मुलाने वर्गात त्यांना विचारलं, तुमचं मत कोणाला? सर म्हणाले, “मला पाण्यातलं कळतं. बाकीच्या गोष्टींत मी तुझ्याइतकाच अडाणी आहे, फक्त वयाने मोठा.” मुलं हसली. पण पाण्यातलं जे कळतं, जे स्वतः मोजलं, ते बोलण्याआधी ते कोणाकडे बघायचे नाहीत. त्यांच्या दृष्टीने ही एकच गोष्ट होती. मोजायची मेहनत घेतली असेल तर बोलायचा अधिकार आहे, आणि बोलायचा अधिकार हवा असेल तर मोजायची मेहनत टाळता येत नाही.

ओढ्यावर आम्ही दर सेमिस्टरला पाच ठिकाणी पाणी घ्यायचो. सर्वांत वर मुलांचं एक उद्यान, तिथे लहान पोरं अनवाणी पाण्यात उतरत. त्याच्या बरंच खाली एक जाड पाइप ओढ्यात उघडायचा. तो मोटारीच्या भागांना चकचकीत मुलामा देणाऱ्या एका कारखान्याचा. पाण्यात शिरायचं ते प्रवाहाच्या खालून वर जात, म्हणजे आपल्याच पायांनी ढवळलेला गाळ आपल्या बाटलीत येत नाही. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, तोंड प्रवाहाकडे धरायचं, झाकण हातातच ठेवायचं, दगडावर टेकवायचं नाही. मग चिठ्ठी. घेणाऱ्याची सही, प्रयोगशाळेत तपासणाऱ्याची सही, आणि तिसरी पडताळणाऱ्याची. ही तिसरी सही दुसऱ्या कोणाची तरीच हवी, आणि त्याने सगळा हिशोब पहिल्या ओळीपासून पुन्हा करून मगच करायची, असा सरांचा दंडक. नुसती नजर फिरवून नाही. निकाल तयार झाले की त्यांची एक प्रत ते गावाच्या कचेरीत पाठवत. तसं करायचं कोणी सांगितलं नव्हतं. “पाणी त्यांचं आहे,” एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या कारखान्याच्या मालकाने आमच्या नव्या इमारतीला देणगी दिली होती, आणि दर्शनी दालनात त्याचं नाव पितळी अक्षरांत लावलेलं होतं. दर सोमवारी आम्ही त्या अक्षरांखालून प्रयोगशाळेत जायचो. वर्षानुवर्षं पाइपाखालच्या दोन बाटल्यांत निकेल, म्हणजे मुलाम्यात वापरला जाणारा विषारी धातू, मर्यादेपेक्षा जास्त निघायचं, सर ते कळवायचे, आणि कोणी हू की चू करायचं नाही. मग एका वर्षी मी चूक केली.

चूक अगदी आमच्या धंद्यातली. आमचं यंत्र ठरावीक प्रमाणापर्यंतच वाचू शकतं, म्हणून पाणी आधी दहापट पातळ करायचं आणि येणाऱ्या आकड्याला दहाने गुणायचं. उद्यानाजवळच्या बाटलीचा आकडा एका मुलाने गुणून लिहिला होता. मी तो वहीतून उतरवताना पुन्हा गुणला. त्या दिवशी वादळाचा इशारा होता, मुलांना लवकर सोडायचं होतं, मी घाईत होते. आणि सरांनी, ज्यांनी दशांशचिन्हासाठी माझा अहवाल तीनदा परत केला होता, त्यांनी त्या एका दिवशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, “तू केलंयस ना?” आणि तिसऱ्या ओळीवर सही केली. विश्वास टाकला. आमच्या कामात त्याला निष्काळजीपणा म्हणतात.

गावाने निकाल पाहिला आणि उद्यान बंद केलं. पाण्यात उतरू नये, अशी पाटी लागली. वर्तमानपत्रवाले आले. दहा दिवसांनी वर्गात सर तेच आकडे समजावत असताना पहिल्या वर्षाच्या एका मुलीने हात वर केला. शेतकऱ्याची मुलगी, वर्गात फारशी बोलायची नाही. तिने विचारलं, “पाइप खाली आहे आणि उद्यान वर आहे. मग वरचं पाणी खालच्यापेक्षा वाईट कसं?” इतक्या साध्या प्रश्नाने माझे कान गरम झाले. सरांनी खडू खाली ठेवला, वही मागवली, फळ्यावर हिशोब पहिल्या ओळीपासून मांडला, आणि दोनदा गुणलेल्या दहापाशी येऊन थांबले. मग वळून त्या मुलीला म्हणाले, “थँक यू. तू आज मला शिकवलंस.” आणि राहिलेला तास त्याच चुकीवर शिकवला. मी मागच्या बाकावर बसून होते.

तास संपल्यावर मी त्यांना म्हटलं, “सर, दोन दिवस थांबू या. नमुना पुन्हा घेऊ, मग कळवू. नाहीतर कारखानेवाले आपल्याला सोलून काढतील.”

“काढू दे,” सर कोट घालत म्हणाले. “आपल्या आकड्यामुळे ती पोरं काठावर बसून राहिलीत. नमुना उद्या घेऊ. पत्र आज जाईल.”

“पण चूक माझी आहे. पत्रात माझं नाव घाला.”

“तू चुकलीस, मी तपासलं नाही. दोन्हींतलं दुसरं मोठं.”

पत्र गेलं. उद्यानाचं पाणी स्वच्छ असल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं होतं, चूक कशी झाली तेही लिहिलं होतं, आणि पाइपाखालच्या दोन बाटल्यांचे आकडे पुन्हा तपासले, ते बरोबर आहेत, जास्तच आहेत, हेही लिहिलं होतं. जगाने त्यातलं पहिलं वाक्य वाचलं. कारखान्याच्या वकिलांनी विद्यापीठाला पत्र धाडलं, आणि कित्येक वर्षांच्या खऱ्या आकड्यांवर जे कधी हललं नव्हतं ते विद्यापीठ एका मान्य केलेल्या चुकीवर तीन दिवसांत हललं. मला आजही याचा संताप येतो, आणि तो मी शांत करायचा प्रयत्न करत नाही. सरांनी चूक लपवली असती तर काहीच झालं नसतं. पाटी गुपचूप उतरली असती, दोन ओळींचं स्पष्टीकरण पुरलं असतं. शिक्षकाने जे करायला हवं ते त्यांनी केलं, आणि नेमकं तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं गेलं.

चौकशीच्या दिवशी मी त्यांच्याच गाडीतून गेले. पार्किंगमध्ये त्यांनी इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत. “आत तू काही बोलायचं नाही,” म्हणाले. “तुझे ग्रीन कार्डाचे कागद अजून त्यांच्या हातात आहेत. माझी नोकरी कायम आहे. मला ते काढू शकत नाहीत, तुला नुसतं विसरू शकतात.” व्हिसावर राहिलेल्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. विद्यापीठाने एक अर्ज वेळेवर पुढे सरकवला नाही की नवऱ्याची नोकरी, मुलीची शाळा, घराचं कर्ज, सगळं एका पिशवीत भरून परत. मी मान हलवली. मला फार आग्रह करावा लागला नाही, हे इथे लिहून ठेवते.

आत समितीचे तिघे होते. डीनने विचारलं, हिशोब कोणी केला? सर म्हणाले, “निकालावर पडताळणीची सही माझी आहे.” त्याने पुन्हा विचारलं, पण केला कोणी? सर म्हणाले, “सही माझी आहे.” मी त्यांच्या शेजारी बसून टेबलाच्या लाकडातल्या रेघा पाहत होते. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाइपाखालच्या दोन बाटल्यांचा विषय सरांनी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा, तो आजच्या बैठकीच्या कक्षेत नाही, असं सौम्य आवाजात सांगण्यात आलं. महिन्याभरात अभ्यासक्रमाची ‘पुनर्रचना’ झाली. ओढ्यावर जाणं बंद. मुलांनी प्रयोगशाळेत नळाच्या पाण्यात मीठ मिसळून तेच तपासायचं. सरांची नोकरी शाबूत राहिली, वर्ग गेला. त्यांना प्रास्ताविक व्याख्यानं दिली गेली. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि मुलाकडे न्यू जर्सीत, एडिसनला राहायला गेले. माझं ग्रीन कार्ड आलं. यथावकाश नागरिकत्वही आलं.

आठ वर्षांपूर्वी नव्या विभागप्रमुख आल्या. अमेरिकन, माझ्याच वयाच्या, कामाला वाघ. त्यांना मी सरळ विचारलं, मुलांना ओढ्यावर नेऊ का? त्यांनी विचारलं, का नेत नव्हता? तेव्हापासून मी नेते आहे. चिठ्ठीवर तीन ओळी आहेत आणि तिसरी सही कोणाला फुकट मिळत नाही. गावाला निकाल जातात. मधल्या काळात पाइपावर एक जाळी बसली, आकडे थोडे उतरले, पुन्हा चढले. कोणाचं लक्ष नव्हतं, तोवर सगळं ठीक होतं.

यंदा जुलैमध्ये सगळ्या शिक्षकांना एक नवा फॉर्म आला. आपल्या अभ्यासक्रमात कोणत्याही स्थानिक कंपनीचा, संस्थेचा किंवा जागेचा असा उल्लेख आहे का, की ज्यामुळे विद्यापीठाच्या हितसंबंधितांना अस्वस्थ वाटू शकेल? असल्यास जाहीर करावा. खाली सह्यांच्या तीन जागा. पहिली शिक्षकाची, दुसरी विभागप्रमुखांची, आणि तिसरी, जिथे इंग्रजीत चक्क ‘पडताळणी’ असं लिहिलं आहे, ती जनसंपर्क कार्यालयाची. मी ते दोनदा वाचलं. ज्या कार्यालयात फुटबॉलच्या सामन्यांचे फुगे आणि पदवीदानाचे फोटो ठरतात, जिथल्या एकाने हातात कधी पिपेट धरलेली नाही, ते माझ्या विषयाची पडताळणी करणार. माझे आकडे खरे की खोटे, हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठेच नाही. कोणाला अस्वस्थ वाटेल, एवढाच आहे. निकेल जास्त आहे म्हटल्यावर अस्वस्थ वाटायलाच हवं. ते मोजतो कशासाठी आपण?

विभागप्रमुखांकडे गेले. त्यांच्या टेबलावर असे तीसेक फॉर्म पडलेले, चेहरा दमलेला. “मी तुझ्या बाजूने आहे,” त्या म्हणाल्या. “तू ओढ्यावर जा, काहीच बदलू नकोस. फक्त कागदावर नाव घालू नकोस. जस्ट कॉल इट वॉटर बॉडी ए.”

“आणि गावाला काय कळवू? वॉटर बॉडी ए मध्ये निकेल जास्त आहे?”

त्या कसनुशा हसल्या. “गावाला या वर्षी नाही कळवलं तर?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये नूतनीकरणाला येतंय. मी तुला घाबरवत नाहीये. मी फक्त कॅलेंडर बघतेय.”

त्या वाईट नाहीत, म्हणून राग जास्त येतो. वाईट माणसाशी भांडता येतं. इथे प्रत्येक जण आपापल्या जागी समजूतदार आहे, प्रत्येक जण एक छोटासा शब्द बदलायला सांगतो, आणि त्या सगळ्या समजूतदारपणाच्या शेवटी ओढ्याला नाव उरत नाही. वॉटर बॉडी ए मध्ये कोणाचं पोर अनवाणी उतरत नाही. त्याच्या काठाला कोणाचं घर नाही. त्याच्याबद्दल कितीही खरं बोललं तरी ते कोणालाच उद्देशून नसतं. असं सत्य शिकवायला मला पूर्ण मुभा आहे.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो मोटारींच्याच धंद्यात आहे. म्हणाला, “आपल्या गाडीच्या बंपरवर त्यांचाच मुलामा असेल, माहितीये ना?” माहीत आहे. तीच गाडी घेऊन मी ओढ्यावर जाते. मग थोड्या वेळाने म्हणाला, “मार्चपर्यंत गप्प राहून मार्चनंतर बोललीस तर?” मी म्हटलं, “मग पुढचा मार्च येतो.” त्यावर त्याने भांडी घासायला घेतली. आमच्या घरात याचा अर्थ, मुद्दा पोचला.

रविवारी एडिसनला फोन लावला. काकूंनी उचलला. “थांब, देते. भाजीच्या दुकानात भांडून आत्ताच आलेत. काटा रिकामा असताना शून्यावर नसतो म्हणे. दर आठवड्याला तेच. आता तो दुकानदार ह्यांना लांबून बघितलं की काटा पुसायला घेतो.”

“बोल, काय करून राहिली?” मागून काकांचा आवाज, थोडा घोगरा, पण पूर्ण जागा.

मी सगळं सांगितलं. फॉर्म, तिसरी जागा, वॉटर बॉडी ए, मार्च. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी मी विचारलं, “काय करू, सर?”

“सर कॉलेजात. घरी काका. आणि काका लोकांचा सल्ला घेऊ नये, ते रिटायर असतात.” मग म्हणाले, “हे बघ, माझी नोकरी कायम होती. मी जे केलं त्याला लोक धैर्य म्हणतात, पण मला घर सोडावं लागणार नव्हतं. तुझं तसं नाही. म्हणून मी तुला लढ म्हणणार नाही. आणि गप्प बस तर मुळीच म्हणणार नाही. ते एकदा म्हणून झालंय.”

“तेव्हा तुम्ही माझ्या भल्यासाठीच म्हणालात.”

“हो, पण चुकलं माझं. चूक तुझी होती. ती सांगायची की नाही, हे तू ठरवायचं होतं. मी परस्पर ठरवून मोकळा झालो. विद्यार्थ्याच्या वहीतलं चुकलेलं गणित मी कधी खोडून स्वतः लिहिलं नाही, आणि तुझं मात्र लिहून टाकलं.”

“काका, मला तेव्हा बरंच वाटलं होतं.”

“ते ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “मला पण बरं वाटलं होतं. म्हणूनच सांगून राहिलो.”

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि लॅपटॉप उघडला. इतकी वर्षं सरांचं मौन मी त्यांचं औदार्य म्हणून सांभाळून ठेवलं होतं, आणि त्या औदार्याच्या आडोशाला मी किती निवांत बसले होते, हे मला कोणी इतक्या साध्या शब्दांत सांगितलं नव्हतं. शिक्षकाचं स्वातंत्र्य म्हणजे कोणीतरी वरून हिसकावून घेतं अशीच काहीतरी वस्तू, असं आम्ही बोलतो. ते खोटं नाही. हिसकावणारे आहेतच, फॉर्म घेऊन उभे आहेत. पण माझं पहिलं स्वातंत्र्य मी त्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलं होतं. ‘हिशोब मी केला’ एवढेच तीन शब्द होते. डीनने विचारलेल्या प्रश्नाचं ते खरं उत्तर होतं.

आमच्या प्रयोगशाळेची एक पुस्तिका आहे, दरवर्षी मी सुधारते. तिच्या पहिल्या पानावर आजवर हातमोजे घाला, चष्मा लावा, अशा सूचना होत्या. त्या मी दुसऱ्या पानावर ढकलल्या. पहिल्या पानावर उद्यानाच्या बाटलीची गोष्ट लिहिली: आकडा कसा दोनदा गुणला गेला, कोणी गुणला, माझ्या पूर्ण नावासकट, पडताळणी कशी राहिली, एका विद्यार्थिनीच्या कोणत्या प्रश्नाने चूक सापडली, आणि जिथे चूक नव्हती ते पाइपाखालचे दोन आकडे काय होते. चौकशीत मी काय बोलले नाही, तेही एका वाक्यात लिहिलं. त्याची एक प्रत विभागप्रमुखांना आणि एक डीनच्या कचेरीला पाठवली, जुन्या फाइलला जोडावी अशा विनंतीसह. आता तिथला डीन वेगळा आहे. त्याला हे काय चाललंय ते कळणार नाही. हरकत नाही, फाइल तीच आहे.

मग फॉर्म घेतला. स्थानिक जागेचा उल्लेख: लॉस्ट मिटन क्रीक. उल्लेखाचं कारण: आम्ही त्याचं पाणी तपासतो. पहिल्या जागी सही केली. तिसऱ्या जागेवर, जिथे जनसंपर्क कार्यालयाने सही करायची होती, तिथे लिहिलं की ज्याने हिशोब पुन्हा केलेला नाही त्याची पडताळणी या विषयात चालत नाही, आणि करायचा असल्यास मंगळवारी दुपारी प्रयोगशाळेत यावं, हातमोजे आम्ही देऊ. विभागप्रमुखांनी वाचलं. मग दुसऱ्या जागेवर सही करून कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “हातमोज्यांचं वाक्य काढशील?” मी म्हटलं, “नाही.” त्या म्हणाल्या, “मला वाटलंच.”

अजून उत्तर आलेलं नाही. मार्च यायचा आहे. काय होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव आणून शेवट गोड करण्याची माझी इच्छा नाही. जाहिराती मी पाहून ठेवल्या आहेत. गावोगावच्या पाणीपुरवठा खात्यांना माझ्यासारखी माणसं लागतात.

ओढ्यावर आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन आलो. मंगळवारी प्रयोगशाळेत मुलं बाटल्या तपासत होती. जनसंपर्क कार्यालयातून कोणी आलं नव्हतं, पण हातमोज्यांचा एक जादा जोड मी दाराशी ठेवला होता. नमुना म्हणून एका बाटलीचा हिशोब मी स्वतः करून दाखवला, चिठ्ठीच्या दुसऱ्या ओळीवर सही केली आणि शेजारच्या मुलीकडे चिठ्ठी दिली. दुसऱ्या वर्षाची, कानाला पेन्सिल अडकवणारी, घरी धाकट्या भावंडांना सांभाळून धावतपळत वर्गात येणारी मुलगी. “तिसरी सही तुझी,” मी म्हटलं. तास संपायला सहा मिनिटं होती, बाकीची मुलं दप्तरं भरत होती. तिने चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

“मी पहिलं पान वाचलंय,” ती इंग्रजीत म्हणाली. “तुमचा हिशोब मी पुन्हा करते. चालेल ना?”

“मला घाई नाही,” मी म्हटलं.

खरं तर होती, सव्वा तास गाडी चालवायची होती. तिने स्टूल ओढलं, कोरा कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. सरांच्या काळचं यंत्र गेलं, खडू गेले, दर्शनी दालनातली पितळी अक्षरं मात्र अजून रोज पुसली जातात. ओढ्यात आता वाहतं ते पाणी मी चुकले त्या वर्षीचं नाही, ते केव्हाच कुठल्या तरी मोठ्या तळ्यात मिसळून गेलं. टिकली आहे ती चिठ्ठीवरची एक रिकामी ओळ, आणि ती खरोखर काम करून भरणारं कोणीतरी दर वर्षी नव्याने शोधावं लागतं. मुलीने एका आकड्यापाशी थांबून पेन्सिल ओठांना लावली, माझ्या वहीचं मागचं पान उलटून पाहिलं, आणि पुन्हा मोजायला घेतलं. मी समोर उभी राहिले, हात मागे बांधून, विद्यार्थ्यासारखी.